क्लस्टरमधील ॲप्लिकेशन सर्व्हर चालू-बंद करण्याचे मार्ग: एक तुलना

क्लस्टरमधील, म्हणजे एकच काम वाटून घेणाऱ्या सर्व्हरच्या गटातील, ॲप्लिकेशन सर्व्हर (ॲप्लिकेशन चालवणारे सॉफ्टवेअर) चालू आणि बंद करण्यासाठी प्रशासकीय कन्सोल, प्रत्येक यंत्रावरील कमांड, मध्यवर्ती स्क्रिप्ट आणि ऑपरेटिंग सिस्टिमची सेवा असे चार मार्ग बहुतेक ठिकाणी एकाच वेळी उपलब्ध असतात. रोजच्या कामासाठी त्यांपैकी कोणता निवडावा, हे ठरवू पाहणाऱ्यासाठी ही तुलना आहे, आणि ती करताना आयबीएमचे वेबस्फीअर नेटवर्क डिप्लॉयमेंट आणि ओरॅकलचे वेबलॉजिक ही दोन ॲप्लिकेशन सर्व्हर उत्पादने समोर ठेवली आहेत. माझ्या मते सोयीपेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्यात: सर्व्हरच्या प्रोसेसवर (यंत्रावर चालू असलेल्या प्रोग्रामवर) देखरेख नेमकी कोणाची राहणार, आणि सर्व्हर बंद होताना त्याच्या हातातली कामे पूर्ण होणार की नाही.

दोन्ही उत्पादनांची रचना बरीच सारखी आहे. वेबस्फीअरमध्ये डिप्लॉयमेंट मॅनेजर संपूर्ण सेलची, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या नोडच्या समूहाची, संरचना सांभाळतो आणि प्रत्येक नोडवरील (साधारणपणे एका यंत्रावरील) नोड एजंट तिथले सर्व्हर प्रत्यक्ष चालू करतो. वेबलॉजिकमध्ये हीच कामे अनुक्रमे ॲडमिन सर्व्हर आणि नोड मॅनेजर करतात. डिप्लॉयमेंट मॅनेजर किंवा ॲडमिन सर्व्हर बंद पडला, तरी आधीपासून चालू असलेले सर्व्हर विनंत्या घेत राहतात. फरक नवा सर्व्हर उभा करताना जाणवतो. वेबस्फीअरचा क्लस्टर सदस्य (क्लस्टरमधील एक सर्व्हर) चालू करण्याआधी त्या नोडचा नोड एजंट चालू असावा लागतो, तर वेबलॉजिकचा मॅनेज्ड सर्व्हर (ॲडमिन सर्व्हरच्या अखत्यारीतील सर्व्हर) ॲडमिन सर्व्हर सापडला नाही तरी स्वतःजवळच्या संरचनेच्या प्रतीवर स्वतंत्रपणे उभा राहू शकतो. अट एवढीच, की ती प्रत त्याच्याकडे आधीपासून असली पाहिजे.

कन्सोल आणि कमांड

कन्सोलमध्ये सर्व सदस्यांची अवस्था एका दृष्टिक्षेपात दिसते आणि अख्ख्या क्लस्टरवर एकच क्रिया करता येते. वेबस्फीअरचा 'रिपल स्टार्ट' हा पर्याय एकेक सदस्य बंद करून पुन्हा चालू करतो, त्यामुळे सेवा पूर्ण थांबत नाही. परंतु तो वापरकर्त्यांची सेशन (लॉगिनपासून चालू असलेल्या कामाची सर्व्हरने ठेवलेली माहिती) संपण्याची वाट पाहत नाही. सेशनची प्रत दुसऱ्या सदस्याकडे किंवा डेटाबेसमध्ये जात नसेल, तर लॉगिन केलेले लोक बाहेर फेकले जातात. शिवाय दोनच सदस्यांच्या क्लस्टरमध्ये या काळात निम्मीच क्षमता उरते, हे गर्दीच्या वेळी परवडत नाही.

यंत्रावर जाऊन दिलेल्या कमांडचा मोठा गुण असा, की डिप्लॉयमेंट मॅनेजर बंद असतानाही ती चालते. मात्र वेबस्फीअरमध्ये सुरक्षा चालू असल्यास सर्व्हर सुरू करायला पासवर्ड लागत नाही, थांबवायला लागतो. तो कमांडमध्येच लिहिला तर यंत्रावरील प्रोसेसच्या यादीत इतरांना दिसू शकतो, आणि क्लायंटच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवला तर केवळ सांकेतिक, सहज उलगडता येणाऱ्या रूपात राहतो, ज्याला खरे कूटलेखन म्हणता येत नाही. म्हणून त्या फाइलच्या परवानग्या घट्ट ठेवणे अत्यावश्यक आहे. वेबलॉजिक आपल्या बूट फाइलमधील (सर्व्हर चालू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमधील) पासवर्ड सर्व्हर पहिल्यांदा चालू होताना कूटबद्ध करतो. पण वेबलॉजिकचा सर्व्हर टर्मिनलवरून थेट स्क्रिप्टने सुरू केला, तर नोड मॅनेजर त्याच्यावर देखरेख करत नाही आणि तो कोसळल्यावर पुन्हा उभा करत नाही. आणीबाणीत केलेली अशी सुरुवात पुढे तशीच राहून जाते आणि तिचा धोका पुढच्या बिघाडापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

स्क्रिप्ट

नियमित कामासाठी मी निःसंकोचपणे मध्यवर्ती स्क्रिप्टची शिफारस करेन. वेबस्फीअरमध्ये डब्ल्यूएसॲडमिन आणि वेबलॉजिकमध्ये डब्ल्यूएलएसटी या साधनांतून ती जायथॉनमध्ये (जावावर चालणाऱ्या पायथॉन भाषेत) लिहिता येते. पायऱ्यांचा क्रम लिखित राहतो, दोन सदस्यांच्या मध्ये तपासणी घालता येते आणि रात्रपाळीच्या व्यक्तीला आठवणीवर विसंबावे लागत नाही. मात्र वेबस्फीअरच्या क्लस्टरला चालू होण्याचा आदेश दिल्यावर तो आदेश सर्व सदस्य उभे राहण्याची वाट न पाहता परत येतो, त्यामुळे स्क्रिप्टने अवस्था पुन्हा पुन्हा विचारली पाहिजे. आणि 'चालू' ही अवस्था मिळाली तरी ॲप्लिकेशनच्या एखाद्या पानाची प्रत्यक्ष विनंती करून उत्तर तपासल्याशिवाय पुढच्या सदस्याला हात लावू नये.

ऑपरेटिंग सिस्टिमची सेवा

सिस्टिमडीकडे, म्हणजे लिनक्समधील सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेकडे, प्रत्येक ॲप्लिकेशन सर्व्हर थेट सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे. सर्व्हर कोसळल्यावर सिस्टिमडी आणि नोड एजंट दोघेही त्याला उठवू लागले, तर तो कोणी आणि का सुरू केला हे शोधण्यातच वेळ जातो. सिस्टिमडीने फक्त नोड एजंट किंवा नोड मॅनेजर सांभाळावा आणि त्याने सर्व्हर सांभाळावेत. यात एक खाच आहे: सिस्टिमडी सेवा थांबवताना मूळ सेटिंगनुसार त्या सेवेच्या गटातील सर्व प्रोसेस मारतो, त्यामुळे केवळ नोड मॅनेजर पुन्हा चालू करायला गेल्यास त्याने सुरू केलेले सर्व सर्व्हरही खाली येतात. म्हणून 'किलमोड' ही सेटिंग बदलून मारणे केवळ मुख्य प्रोसेसपुरते मर्यादित करावे, आणि यंत्र बंद करण्याआधी सर्व्हर नीट थांबवणारी वेगळी पायरी ठेवावी.

थांबवण्याचे प्रकार

वेबस्फीअरमध्ये साधा 'स्टॉप' चालू विनंत्या पूर्ण होऊ देतो, 'इमीजिएट स्टॉप' ती वाट टाळतो आणि 'टर्मिनेट' सरळ प्रोसेसच संपवतो. वेबलॉजिकमध्ये सौम्य आणि सक्तीचे असे दोन प्रकार आहेत. सौम्य प्रकारात ज्या सेशनची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर नाही त्यांचीही वाट पाहिली जाते, आणि कालमर्यादा शून्य ठेवल्यास ती वाट अमर्याद असते. देखभालीची वेळ ठरलेली असेल तर ही मर्यादा स्पष्टपणे लिहूनच द्यावी.

कोणताही प्रकार निवडला तरी आधी वाहतूक वळवावी. वेबस्फीअरच्या वेब सर्व्हर प्लगइनमध्ये (आलेल्या विनंत्या सदस्यांमध्ये वाटणाऱ्या भागात) सदस्याचे वजन, म्हणजे विनंत्यांतील त्याचा वाटा, शून्य केले, की नव्या वापरकर्त्यांच्या विनंत्या त्याच्याकडे जात नाहीत, पण ज्यांचे सेशन तिथे बांधलेले आहे त्यांच्या विनंत्या जात राहतात. प्लगइन आपली संरचनेची फाइल मूळ सेटिंगनुसार दर ६० सेकंदांनी पुन्हा पाहते, म्हणून बदलानंतर लगेच सर्व्हर थांबवू नये.

अडकलेला सर्व्हर साध्या कमांडला उत्तर देत नाही, कारण ती कमांड त्याच सर्व्हरशी जोडणी करून त्याला थांबायला सांगते. अशा वेळी आधी थ्रेड डंप (सर्व्हरमधली कामे नेमकी कुठे अडकली आहेत याची नोंद) घ्यावा, मग 'टर्मिनेट' वापरावे. ऑपरेटिंग सिस्टिमवरून प्रोसेस मारली, तर नोड एजंट ते कोसळणे समजून सर्व्हर पुन्हा उभा करू शकतो. आणि एकापेक्षा जास्त डेटाबेसवर चालणारे व्यवहार अर्धवट राहिले असतील, तर ते त्या सर्व्हरच्या ट्रान्झॅक्शन लॉगवरूनच (व्यवहारांच्या नोंदींवरूनच) पूर्ण किंवा रद्द होतात, म्हणून नवी सुरुवात 'स्वच्छ' व्हावी या हेतूने ते लॉग कधीही पुसू नयेत.