ऑटोमॅटिक शिलाई मशीन, साडेचार वर्षं वापरून झाल्यावर

लोक मशीन घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी रिव्ह्यू टाकतात, डिलिव्हरी वेळेत, कलर मस्त, पाच स्टार. मी साडेचार वर्षं थांबले त्यामुळे हा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण दहा-अकरा हजाराच्या रेंजमधली ही पांढरी प्लॅस्टिक बॉडीची झिगझॅग (नागमोडी टाकाही मारणारी) मशीन्स थोड्याफार फरकाने सारखीच असतात, मी ज्या तक्रारी करणार आहे त्या एकट्या एका कंपनीच्या नाहीत.

घेतलं तेव्हा मला फक्त ऑफिसला घालायचे कुर्ते शिवायचे होते. रेडिमेडमध्ये खांदा बसला की छाती घट्ट, छाती बसली की खांदा कोपरापर्यंत, आणि टेलरताई दिवाळीत टाकलेला कुर्ता संक्रांतीला देणार. घरी आईचं काळं पायमशीन होतं पण ते मला जुनाट वाटायचं, शिवाय त्यावर पाय चालवताना माझं चाक हमखास उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. नवीन मशीनचा डेमो द्यायला माणूस आला, वीस मिनिटांत बॉबिन भरणं, दोरा ओवणं आणि चौदा प्रकारचे टाके दाखवून गेला. त्या चौदापैकी मी आजपर्यंत चार वापरलेत. ते पानाफुलांचे टाके एकदा उशीच्या अभ्र्यावर काढले, झालं, संपला विषय. मशीन घेताना टाके मोजू नका.

पहिल्या वर्षी मी प्रचंड खूश होते. मोटर असल्यामुळे पाय मोकळे, लाईट आहे, मागेपुढे शिलाई मारून टाका लॉक होतो, दोन रविवारात एक कुर्ता. पहिला कुर्ता पिस्ता रंगाचा, केंब्रिकचा, लक्ष्मी रोडवरून आणलेलं अडीच मीटर. घालून आईला दाखवायला गेले, तिने काढायला लावला आणि हातात घेतल्या घेतल्या आधी उलटा केला. दोन मिनिटं आतून बघितला, काखेपाशी बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाहेरून बरा झालाय." ते 'बाहेरून' मला तेव्हा कळलंच नाही, मी फोटोबिटो काढून मोकळी. तीन धुण्यांत काखेतल्या दशा निघायला लागल्या आणि बाजूची शिलाई अर्धा इंच उसवली तेव्हा कळलं.

तर तिथून माझी नजर बिघडली. (सुधारली म्हणा हवं तर, पण कपाट उघडल्यावर बिघडल्यासारखीच वाटते.) आधी फक्त अंगावर चढतोय ना एवढं बघायचे, मग आतल्या कडा दिसायला लागल्या, मग मागच्या गळ्याखाली पडणारी आडवी घडी दिसायला लागली, आणि मग तर दुकानात रेडिमेड शर्ट उलटा करून चौकडी बाजूच्या शिलाईला जुळतेय का बघणारी बाई मीच झाले. नवरा दोन हँगर सोडून लांब उभा राहतो. कपाटात आज अकरा कुर्ते, चार पँट, दोन शर्ट आहेत, सगळे माझे, आणि त्यातले पहिले चार मी फक्त घरात घालते. पण गंमत म्हणजे सगळ्यात जास्त घातला जातो तो अजूनही तो पिस्ताच. त्याची गळ्याची पट्टी सरळ सरळ तिरकी आहे, पण त्याच्या खिशात फोन अख्खा मावतो.

आता मशीनकडे येते. झिगझॅग हे या मशीनचं खरं काम आणि त्यात ते पास आहे. माझ्याकडे इंटरलॉकचं वेगळं मशीन नाही, त्यामुळे सगळ्या कडा झिगझॅगनेच बंद करते. खणाच्या कापडाला तर त्याशिवाय पर्याय नाही, कापल्यापासून तासाभरात नुसता झाडासारखा फुटतो तो. खणाबद्दल एक सांगून ठेवते, तो मुळात चोळीचं कापड, कर्नाटकात गुळेदगुड्डला विणला जातो आणि त्याचा पन्हा (रुंदी) साड्यांसारखा मोठा नसतो, त्यामुळे नेहमीच्या 44 इंची कापडाच्या हिशोबाने घ्याल तर फसाल. मी फसले. शेवटी बाजूला कळ्या लावल्या आणि सगळ्यांना सांगितलं की डिझाईनच तसं आहे.

काजाला मी पाचपैकी अडीच देईन. चार स्टेपमध्ये काज होतं, डावी बाजू, टोक, उजवी बाजू, टोक, प्रत्येक वेळी डायल आपण फिरवायचा. प्रॉब्लेम असा की एक बाजू कापड पुढे सरकताना होते आणि दुसरी मागे येताना, आणि दोन्हीकडे कापड सरकवणारे खालचे दात ते सारखं ओढत नाहीत. मग एक बाजू दाट, दुसरी विरळ. पहिल्या शर्टला सात काजं केली आणि सातही वेगळी, एक तर इतकं छोटं की बटण जाईचना. उसवायला दोन संध्याकाळ गेल्या, आणि काजाचे टाके उसवणं म्हणजे तांदळातले खडे वेचण्यापेक्षा वाईट. आता पट्टीच्या आत पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावते, कापडाखाली ट्रेसिंग पेपर धरते, त्याच कापडाच्या तुकड्यावर आधी दोन काजं करून बघते, आणि काज मधून फाडताना दोन्ही टोकांना टाचण्या आडव्या लावते म्हणजे उसवणी (टाके उसवायचं छोटं हत्यार) सुसाट पुढे जात नाही. एवढं केलं की बरी होतात. बरी.

जीन्सची लांबी कमी करायला घेतली की मशीन कण्हतं. बाजूच्या शिलाईचा जाड गड्डा आला की फूट (कापड वरून दाबून धरणारा भाग) पुढून वर उचललं जातं, टाके चुकतात. 16 नंबरची जाड सुई, फुटाच्या मागच्या बाजूखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून फूट सपाट करायचं, आणि तेवढा गड्डा चाक हाताने फिरवून पार करायचा, मोटर लावायचीच नाही. होतं, पण रोजचं जीन्सचं काम असेल तर हे मशीन घेऊ नका. टीशर्टचं होजिअरी कापड मात्र बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लावल्यावर गुपचूप शिवलं जातं. त्याआधी दोन महिने मी मशीनला शिव्या देत होते, चूक सुईची होती. सुईवरून आठवलं, पहिली सुई मी दीड वर्ष वापरली. हसा. आठेक तास शिवलं की बदलायची असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, डेमोवाल्यानेसुद्धा नाही.

आणि आता मुख्य तक्रार, जिच्यामुळे हा रिव्ह्यू लिहायला घेतला. मलमल. मागच्या उन्हाळ्यात मलमलचा कुर्ता काढला, आतून एकही कड उघडी ठेवायची नाही असं ठरवलं, म्हणजे सगळीकडे फ्रेंच सीम, आधी सुलट बाजूने शिवायचं, कड बारीक कापायची, उलटवायचं आणि ती कड आत कोंडून परत शिवायचं. मशीनने पहिल्याच टाक्याला कापडाचा कोपरा गिळला. खाली दोऱ्याचा गुंता, वर भोक. 11 ची बारीक सुई लावली, मग त्याहून बारीक 9 ची, दोऱ्याचं टेन्शन सैल केलं, दोऱ्याची टोकं मागे धरून ठेवली, थोडा फरक पडला, पण सरळ टीप जवळून बघितली तर हलकीशी डावी-उजवीकडे डुलतेय. लांबून कोणाला दिसणार नाही. चार वर्षांपूर्वी मलाही दिसली नसती.

कारण साधं आहे. झिगझॅगला सुई डावी-उजवीकडे हलते, म्हणून सुईखालच्या प्लेटचं भोक आडवं, लांबट असतं. पातळ कापडाला तिथे खालून आधारच नाही, सुई त्याला सोबत घेऊन खाली जाते. आईच्या काळ्या मशीनला मात्र सुईपुरतं एकच गोल भोक. मी चिडून तिच्याकडे गेले, तेल घातलं, दातांखालचा पंधरा वर्षांचा कापूस टाचणीने काढला, आणि एक टीप मारली. रेघ! खडूने मारल्यासारखी. आई भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "ते फक्त सरळच शिवतं गं, दुसरं त्याला येतंच काय."

तेव्हापासून माझी वाटणी अशी आहे, सगळ्या सरळ शिलाया, कॉलर, वरून दिसणारी टीप काळ्या मशीनवर, आणि झिगझॅग, काजं, होजिअरी पांढऱ्यावर. कपडा दोन टेबलांमध्ये येरझाऱ्या घालतो. वेळ लागतो, दोन रविवारचे आता पाच झालेत, कारण नवीन मापाचं काही असेल तर आधी मांजरपाटावर शिवून बघते, कापड भिजवून आटवून घेते, प्रत्येक शिलाईवर लगेच इस्त्री फिरवते. ऑफिसात "मलापण शिवून देशील का, पैसे देईन ना" म्हणणाऱ्यांना हे पाच रविवार सांगितले की विषय बदलतो.

तर घ्यावं का? पहिलं मशीन म्हणून, कुर्ते-फ्रॉक-पडदे-अल्टरेशन असेल तर बिनधास्त घ्या, पाचपैकी साडेतीन. महिन्यातून एकदा प्लेट काढून ब्रशने साफ करा, शटलच्या (बॉबिन बसते त्या फिरत्या भागाच्या) कडेला तेलाचा एक थेंब, ओतू नका. पातळ कापडाची आणि बारीक शिलाईची हौस असेल तर सरळ टाक्याचं साधं मशीन शेजारी असू द्या, सेकंडहँड चालेल. आणि दुकानदार म्हणाला की जुनं काळं मशीन एक्सचेंजला द्या, हजार रुपये कमी करतो, तर देऊ नका. मला म्हणाला होता, मी जवळजवळ दिलंच होतं, आईने रिक्षात चढवू दिलं नाही. साडेचार वर्षांत त्या मशीनवर माझा खर्च झालाय तो एका चामडी पट्ट्याचा.