टेक्नॉलॉजी आणि मॅनेजमेंट एकत्र शिकवणारं बेळगावातलं एमबीए: माझा दोन वर्षांचा अनुभव

अ‍ॅडमिशनचे दिवस आलेत आणि गेल्या आठवड्यात खानापूर, निपाणीकडच्या तीन-चार पोरांनी फोन करून एकच विचारलं, दादा, ते टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटचं एमबीए घेऊ काय नको? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. कॉलेजचं नाव घालत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मनापासून शिकवलेल्या सरांना त्याचा त्रास नको. कोर्स कसा ओळखायचा ते वाचून कळेलच.

माझं सांगतो आधी. मेकॅनिकल बीई, मग सहा वर्षं उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) लाईन सुपरवायझर. रिजेक्शनच्या मीटिंगला दर सोमवारी मीच उभा असायचो आणि मालक विचारायचे की एवढा माल का वाया गेला, आणि माझ्याकडे धड उत्तर नसायचं, म्हणून शिकायला गेलो.

ब्रोशरच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात इंटरडिसिप्लिनरी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर हा शब्द सगळीकडेच आलाय, खरं बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ इतकाच असतो की दोन पेपर इंजिनिअरिंगचे, दोन फायनान्सचे, एक एचआरचा, आणि जोडाजोडी पोरांनी आपली आपण करायची. आमचं पहिलं सेमिस्टर तसंच गेलं. वाईट नव्हतं, नोट्स चांगल्या, लायब्ररी रात्री आठपर्यंत उघडी, अकाउंटिंगच्या मॅडमनी तर बॅलन्स शीट अशी शिकवली की मी घरी येऊन वडिलांच्या दुकानाची मांडली. तरी जे घ्यायला गेलो होतो ते मिळत नव्हतं.

ते मिळालं दुसऱ्या सेमिस्टरला, शनिवारी. शनिवारचा सगळा दिवस एका कारखान्यात, आणि सोबत एक नाही दोन सर. एक मेटलर्जीचे, म्हणजे धातूशास्त्राचे, एक ऑर्गनायझेशन बिहेवियरचे, म्हणजे कामावर माणसं कशी वागतात ते शिकवणारे, त्यांना आम्ही एचआरचे सर म्हणायचो. दोघं एकाच वेळी एकाच जागी उभे राहणार, हा नियम. आमच्या ग्रुपनं माझीच जुनी फाउंड्री घेतली आणि विषय घेतला ब्लो होल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या नगाच्या, आत गॅस अडकून पोकळी राहते ती, आणि ती बाहेरून दिसत नाही, मशीनिंगला गेल्यावर कळते, म्हणजे तोवर त्या नगावर पैसा घालून झालेला असतो.

दुसऱ्या शिफ्टला ब्लो होल जास्त, हे मला सहा वर्षं माहीत होतं आणि सहा वर्षं मी एकच समजत होतो की दुसऱ्या शिफ्टची माणसं आळशी. पहिल्या शनिवारी मी तेच बोललो. एचआरचे सर काही बोलले नाहीत, मेटलर्जीच्या सरांनी मात्र मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या, मामांना विचारलं, मामा, वाळू बघू कशी आहे. मामांनी मिक्सरमधून मूठभर वाळू घेतली, आवळली, मूठ उघडली, गोळा दोन बोटांत धरून मोडला. म्हणाले, "सकाळी ह्यो कडक मोडतोय बघा, संध्याकाळी हातात भुगा होतोय, मग पाणी मारतो." सरांनी थर्मामीटर खुपसला तर वाळू गरम. आमच्यासारख्या ग्रीन सँडला, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूला, तीन-चार टक्के पाणी लागतं, पण वाळू पन्नास अंशांच्या पुढं गेली की पाणी टिकतच नाही, मिक्सर ते साच्याचा बॉक्स जाईपर्यंत उडतं. वाळू कोरडी लागते म्हणून माणूस आणखी पाणी घालतो, तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड आत आलं की त्याची वाफ होते आणि ती वाफ आत अडकते.

बरं, गरम का होते? इथं दुसरे सर बोलले. त्यांनी विचारलं, बोनस कसा देता? टार्गेटच्या वरच्या प्रत्येक बॉक्सला जादा पैसे. म्हणजे बॉक्स लवकर फोडायचा, वाळू लगेच परत मिक्सरला, थंड व्हायला वेळच नाही. सकाळी रात्रभर गार झालेली वाळू असते, संध्याकाळपर्यंत तीच वाळू कितीदा फिरून आलेली असते. ब्लो होलचं मूळ आमच्या पगारपत्रकात होतं हो! मी तिथं उभ्या उभ्या गप्प झालो, ज्या माणसांना सहा वर्षं बोललो ते सगळं आठवलं.

मेटलर्जीचे सर एकटे आले असते तर सँड कूलर घ्या म्हणाले असते, एचआरचे सर एकटे आले असते तर मोटिव्हेशनचं ट्रेनिंग लावलं असतं. दोन्हीत पैसे गेले असते.

पुढं तीन आठवडे आम्ही वाळूचं तापमान, ओलावा आणि शिफ्ट लिहून काढली आणि कंट्रोल चार्ट काढले. हा चार्ट वॉल्टर श्यूहार्टनं १९२४ साली अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काढला, रोजचा साधा चढउतार कुठला आणि खरोखर काहीतरी बिघडलंय ते कुठलं हे वेगळं करायला. बीईला मी त्याच्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, हातानं पहिल्यांदा काढला तो इथं.

मग उपाय. आम्ही हुशारी करून सांगितलं की बोनस बॉक्सवर नको, चांगल्या कास्टिंगवर द्या. मामा लगेच म्हणाले, "आणि लोखंडच गार ओतलं तर? त्याचं पैसे माझं का कापूलासा?" अगदी बरोबर. कास्टिंग खराब व्हायला मोल्डिंग, मेल्टिंग, पोअरिंग कुणीही कारण असू शकतं. एचआरच्या सरांनी तेव्हा क्लासमध्ये इंग्लंडच्या कोळसा खाणींचा अभ्यास शिकवला, एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांचा, १९५१ चा. खाणीत मशिनं आली तरी कोळसा पाहिजे तेवढा निघेना, कारण आधी छोटी टोळी सगळं काम मिळून करायची, एकमेकांना सांभाळायची, नव्या पद्धतीत प्रत्येक शिफ्टला एकच तुकडा काम दिलं आणि टोळ्या मोडल्या. त्यातला बॅमफर्थ स्वतः आधी खाणकामगार होता, हे ऐकून मला किती बरं वाटलं सांगू. शेवटी फाउंड्रीत बोनस तिन्ही खात्यांच्या मिळून एका टीमला ठरला आणि बॉक्स फोडायच्या आधी थांबायची वेळ बांधून दिली. रिजेक्शन कमी झालं, आणि सोमवारच्या मीटिंगला आता मामा पण बसतात.

आपल्याकडची अजून एक गोष्ट, जी ब्रोशरमध्ये नाही. सर्व्हेचा फॉर्म आम्ही इंग्लिशमध्ये नेला होता. सगळ्यांनी सगळ्याला 'होय' वर टिक केली. मग तोच फॉर्म मराठीत आणि कन्नडमध्ये केला, गोकाककडचा एक दोस्त कन्नड बघायचा आणि मी मराठी, तेव्हा कुठं माणसं बोलायला लागली. उद्यमबागेत एकाच लाईनवर दोन्ही भाषा चालतात, एक माणूस मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवतो. इथं रिसर्च करायचा तर हा पण एक विषयच धरला पाहिजे, आणि मार्गदर्शकांनी तो पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होता.

आता तक्रारी. दुसऱ्या एका ग्रुपनं अथणीकडचा ऊस घेतला होता. तोडलेला ऊस गाळपाला जायला उशीर झाला की वजन घटतं, साखर उतारा (उसातून किती टक्के साखर निघते तो) घटतो, एकाचं नुकसान शेतकऱ्याचं, दुसरं कारखान्याचं. एफआरपी, म्हणजे उसाला सरकारनं ठरवलेला किमान दर, तीच मुळी उताऱ्यावर बांधलेली असते, २०२४-२५ ला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होती. म्हणजे विषय किती भारी बघा, शेती, केमिस्ट्री, वाहतूक, टोळ्यांची मजुरी, सगळं एका फडात. पण त्यांना एकच सर मिळाले, डेटाचे, आणि ते फडात एकदाही गेले नाहीत. ट्रकच्या फेऱ्यांचं छान मॉडेल झालं, त्यात बैलगाड्या धरल्याच नव्हत्या. पोरांनी जीव तोडून काम केलं होतं, त्यांचं वाईट वाटतं.

आणि तिसऱ्या सेमिस्टरपासून आमचेही दोन सर एक झाले. विचारलं तर कळलं की दोघांनी मिळून घेतलेल्या तासाचा वर्कलोड एकाच्याच नावावर लागतो, दुसऱ्याचा शनिवार फुकट. दोन डिपार्टमेंटनी मिळून रिसर्च केला तरी मोजताना तीच अडचण. सर किती दिवस पदरमोड करून येणार? हे सरांच्या हातात नाही, वर बसलेल्यांनी सुधारायला पाहिजे आणि लवकर पाहिजे, नाहीतर ह्या कोर्समधलं सगळ्यात मोलाचं आहे तेच जाईल. परीक्षा पण जुनीच, युनिटप्रमाणे प्रश्न. फाउंड्रीचं एवढं केलं, पेपरला आलं काय, तर मोटिव्हेशनच्या थिअरीज लिहा.

पाचपैकी साडेतीन देतो. दुसऱ्या सेमिस्टरला एकट्याला पाच.

बीई करून थेट येणाऱ्यांनी शक्य असेल तर एखादं वर्ष शॉप फ्लोअरवर काढून या, मग शनिवारी काय बघायचं ते कळतं. आणि कुठलंही असलं कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात प्लेसमेंटचं विचारून झालं की एवढं विचारा, की एका प्रोजेक्टला दोन विषयांचे सर एकत्र येतात काय, आणि दोघांच्या टाईमटेबलवर तो तास लिहिलेला आहे काय. टाईमटेबल भिंतीवरच लावलेलं असतं, स्वतः वाचून बघा.