पुरातून वाचलेला आरसा आणि ऑनलाइन मागवलेलं एचिंग क्रीम

आमच्याकडं सासूबाईंच्या लग्नातलं सागवानी कपाट आहे, दाराला हा एवढा मोठा आरसा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता आणि कपाटपण. सागवान ते, वाळवून पॉलिश मारल्यावर परत उभं राहिलं, पण आरशाचा खालच्या कडेचा पारा उडाला आणि काळे डाग पडले ते पडलेच. काच बदलूया म्हटलं की सासूबाई गप्प होतात, म्हणून म्हटलं खाली नक्षी काढून डाग तरी झाकू. त्यासाठी एचिंग क्रीम मागवलं, म्हणजे काचेवर थापलं की तेवढी जागा कायमची दुधी करणारं क्रीम. १०० मिलीची बाटली साडेआठशेला पडली, सोबत एक ब्रश आणि मुंगीएवढ्या अक्षरातला कागद.

तर आधी हेच सांगते, डाग झाकले जात नाहीत. क्रीम काचेचा पुढचा पृष्ठभाग खातं आणि डाग असतो मागच्या पाऱ्यात. पुढून काच पांढुरकी होते आणि मागचा काळा डाग त्यातून राखाडी होऊन दिसतोच. माझं डोकं चाललं नाही, दुसरं काय.

पण क्रीम खोटं नाही हां. आधी जॅमच्या रिकाम्या बाटलीवर करून बघितलं. कागदावर एक मिनिट लिहिलंय, एक मिनिटात कुठं आहे कुठं नाही असं फिकट आलं, पाच मिनिटं ठेवल्यावर मात्र छान दुधी. पंधरा मिनिटंपण ठेवून बघितलं, त्यानं काही जास्त खोल गेलं नाही, उगाच वाट बघितली. थर जाड पाहिजे, पेढ्यासारखा थापायचा, पातळ फासलं की पट्टे पट्टे उमटतात. आणि धुतल्यावर घाबरू नका, ओल्या काचेवर नक्षी गायब होते, मी तर दोन मिनिटं पैसे पाण्यात गेले म्हणून बसले होते, वाळल्यावर हळूहळू वर आली. आणखी एक, उरलेलं क्रीम टाकायचं नाही, जुन्या एटीएम कार्डानं खरवडून परत बाटलीत, चालतं.

स्टेन्सिल मी विश्रामबागेतल्या एका रेडियमवाल्याकडनं कापून घेतली, गाड्यांचे नंबर करतात तिथं. सगळे कोयरी नाहीतर मोर काढतात, मी म्हटलं सांगलीत राहतो तर हळदीची पानं काढू. पठ्ठ्यानं पानं ठेवली आणि भोवतालचं सोलून टाकलं! अहो दादा, मला पानाच्या जागी भोक पाहिजे, पान नको. परत कापून दिलं बिचाऱ्यानं, पण तुम्ही गेलात तर हे आधीच सांगा. चिकटवल्यावर कडा नखानं दाबून दाबून बसवा, माझ्या एका पानाची शीर जिथं नीट बसली नव्हती तिथं क्रीम आत घुसलं आणि ते पान किडीनं खाल्ल्यासारखं दिसतंय. आता ते कायमचं.

आरसा उभा असताना करू नका, क्रीम ओघळतं. आम्ही पट्ट्या काढून सोप्यात गादीवर आडवा घातला. कडेला चिकटपट्टी लावली, आणि धुताना पाणी ओतलं नाही, ओल्या स्पंजनं सात-आठ वेळा पुसलं, कारण कडेनं पाणी मागं गेलं तर राहिलेला पारापण जायचा. पुराचा धडा आहे तो.

माझी खरी तक्रार त्या कागदाबद्दल आहे. ब्रश मी बाथरूमच्या बेसिनमध्ये धुतला आणि दुसऱ्या दिवशी बेसिनची चकाकी हाताएवढ्या जागेत गेलेली! चिनी मातीचं ग्लेझ म्हणजे काचच की, तेपण खाल्लं. कागदावर याचा एक शब्द नाही. बादलीत धुवा, प्लास्टिकच्या. आणि हे फ्लोराइडचं ॲसिडिक काम आहे, मेंदीचा कोन नव्हे. कातडीला लागलं तर लगेच आग होत नाही, उशिरा कळतं आणि तोवर आत गेलेलं असतं. रबरी हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या, पोरं बाहेर. लागलंच तर भरपूर पाण्यानं धुऊन बाटली घेऊन थेट डॉक्टरकडं.

आरसा परत दाराला लावल्यावर बघितलं तर प्रत्येक पान जोडीनं दिसतंय, मला वाटलं स्टेन्सिल सरकली. सरकली नव्हती, नक्षी पुढं आणि तिचं प्रतिबिंब मागच्या पाऱ्यात, काच जाड तेवढं अंतर जास्त. आता मला तेच आवडतं, पण तोंडासमोर मधोमध काढू नका, टिकली लावताना डोकं फिरेल. अख्खं दार धुरकट करायचं असेल तर या छोट्या बाटलीनं होत नाही, काचवाल्याकडनं सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, करून घ्या. प्लास्टिकच्या आरशावर तर हे चालतच नाही.

पाचपैकी साडेतीन, दीड बेसिनचा कापला.

सासूबाईंनी आरसा बघितला, किडक्या पानावर बोट ठेवलं, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी लोणच्याच्या काचेच्या तीन बरण्या माझ्यासमोर आणून ठेवल्या, म्हणे भांड्यांवर घालतात तसं यांच्यावर नाव घालून दे, शेजारी गेलेली बरणी परत येत नाही.