फुलझाडांच्या बियाण्यांचा चार पाकिटांचा संच: तीन पाकिटे चांगली, एक घेऊ नये असे

झेंडू, झिनिया, पेटुनिया आणि साल्व्हिया अशा चार पाकिटांच्या या संचात फुलांची चित्रे देखणी आहेत; पण बियाण्याचा दर्जा कळतो तो मागच्या बाजूस छापलेल्या लॉट क्रमांकावरून, उगवणक्षमतेच्या टक्केवारीवरून आणि चाचणीच्या तारखेवरून. पहिल्या तीन पाकिटांवर हा तपशील पूर्ण आहे. साल्व्हियाच्या पाकिटावर टक्केवारी आहे, तारीख मात्र नाही, आणि तारखेवाचून त्या टक्केवारीला फारसा अर्थ उरत नाही.

झेंडूबद्दल तक्रार नाही. ओलसर कागदात ठेवलेल्या बियांना आठवड्याच्या आतच मोड आले. झिनियात काही बी पोचट निघाले, तरी भरीव बियांची उगवण एकसारखी झाली.

पेटुनियाचे बी इतके बारीक असते, की एका ग्रॅममध्ये साधारण 10,000 दाणे भरतात. म्हणूनच ते येथे लेप चढवून गोळीच्या रूपात दिले आहे, आणि ही सोय खरोखर उपयोगी आहे. पाकिटावरील सूचना मात्र चुकीची आहे. या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. ते ट्रेमध्ये भरलेल्या पेरणीच्या मिश्रणावर नुसते ठेवून हलके दाबायचे आणि लेप विरघळेपर्यंत ओल टिकवायची असते, तर पाकीट सांगते की बी मातीने झाकावे. ही सूचना तंतोतंत पाळणाऱ्याचा ट्रे बहुधा रिकामाच राहील, आणि दोष विनाकारण बियाण्याला दिला जाईल. सूचनेकडे दुर्लक्ष करून 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमानात पेरलेले बी उत्तम उगवले.

साल्व्हियाची गोष्ट वेगळी आहे. त्याच मिश्रणात, तेवढ्याच उबेत आणि उजेडात पेरूनही निम्म्याहून कमी बी उगवले, तेही मागेपुढे, आणि रोपे किरकोळ निघाली. अशी रेंगाळलेली उगवण हे बियाण्याचा जोम ओसरल्याचे लक्षण असते. इतर तीन पाकिटे फॉइलची असताना हे एकच साध्या कागदाचे आहे, हा योगायोग मला वाटत नाही: बियांतील ओलावा एका टक्क्याने वाढला तरी त्यांचे साठवणुकीतील आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येते, आणि कागद दमट हवा अडवत नाही.

पाकिटे सुटी मिळत असतील, तर पहिली तीन अवश्य घ्यावीत. साल्व्हिया मात्र चाचणीची तारीख छापलेल्या, हवाबंद पाकिटातलेच घ्यावे, मग ते दुसऱ्या उत्पादकाचे असले तरी चालेल.