१,४२,८५७ द्यावी की ७,२०,७२०?

आठवी-नववीच्या मुलांना एकच मोठी संख्या देऊन तिची कुंडली मांडायला सांगायची, तर कोणती द्यावी? माझ्या मते खरी निवड या दोघींतच आहे. ९,९९,९८३ ही सहा अंकी मूळ संख्यांतली सर्वांत मोठी, पण ते पडताळायला १००० च्या आतल्या १६८ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं, आणि एवढं करून हाती विभाजक दोनच.

७,२०,७२० चं बळ भागाकारात आहे. १ ते १६ या सगळ्या संख्यांचा हा लसावि. मुलं एकेक करून फळ्यापाशी येतात, भाग देतात, बाकी शून्य. गाडी अडते ती सतराला. अवयवही पटकन पडतात, कारण ही ७२० × १००१, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. एकूण विभाजक २४०. तिच्याहून लहान कुठल्याही संख्येला इतके नाहीत. स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज केली तर २५,२९,०७२, संख्येच्या साडेतीनपट. म्हणून ही विपुल संख्या.

इथे १,४२,८५७ तोकडी पडते. विभाजक ३२, बेरीज १,१२,५०३, म्हणजे न्यून. तरीही पहिल्यांदा मी हीच देईन.

हिला २ ने गुणा: २,८५,७१४. ३ ने: ४,२८,५७१. सहापर्यंत तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरत राहतात. मग वर्ग करायला सांगा: २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक तोडा. २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज पुन्हा १,४२,८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. डहाणूत जन्मलेले, नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचं हे काम. आपल्या शेजारच्या गावातल्या मास्तरांचं नाव जगभरच्या गणितात आहे, हे मुलांना कळायलाच हवं. फक्त साध्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर हा वर्ग मावत नाही. तो वहीतच करावा लागतो, त्याला वेळ ठेवा.

अंकांच्या बेरजेने भाग जाणारी ती हर्षद संख्या. हे नावही कापरेकरांचंच, आणि या कसोटीत दोघी उतरतात: १,४२,८५७ ला २७ ने भागल्यास ५,२९१, ७,२०,७२० ला १८ ने भागल्यास ४०,०४०.

वर्गात सध्या लसावि चालू असेल तर मात्र बिनदिक्कत ७,२०,७२० घ्या.

१,४२,८५७ ला ७ ने गुणलं की फिरणं थांबतं आणि ९,९९,९९९ येतात. कोणीतरी ‘का?’ विचारणारच. १,४२,८५७ = १४३ × ९९९. सातपट केली की १००१ × ९९९. तोच १००१ ज्याने ७,२०,७२० बनली आहे, त्यामुळे पुढच्या आठवड्यात तिच्याकडे इथूनच वळता येतं.