ट्रान्सफरमार्क्ट: तारखांसाठी उघडा, किमतींसाठी नको

मे महिना संपत आला की मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात: कोण चाललं आणि त्याच्या जागी कोण येतंय. सोशल मीडियावर तासातासाला नवी नावं फिरतात, त्यातली बरीचशी पुढच्या आठवड्यात कुणाला आठवतही नाहीत. अशा वेळी फुटबॉल खेळाडूंचे करार, बदल्या आणि किमती नोंदवणारी ट्रान्सफरमार्क्ट ही साइट हाताशी असावी, पण त्यातला कुठला रकाना धरायचा आणि कुठला सोडायचा हे माहीत हवं. हे परीक्षण भारतीय क्लबच्या चाहत्याला समोर ठेवून केलं आहे. कसोटीला २०२४ चा मुंबई सिटीचा उन्हाळा घेतला आहे, कारण तेव्हा संघात काय बदल झाले आणि पुढच्या मोसमात त्याचे काय परिणाम दिसले, हे दोन्ही आता समोर आहे.

साइटची ओळख थोडक्यात. मथियास सायडेल यांनी ती २००० साली जर्मनीत सुरू केली. २००८ पासून ५१ टक्के हिस्सा आक्सेल श्प्रिंगर या माध्यमसमूहाकडे आहे. वापर मोफत, जाहिराती भरपूर, मराठी किंवा हिंदी आवृत्ती नाही. माहिती भरण्याचं बरंच काम जगभरचे स्वयंसेवक करतात. खेळाडूची ‘बाजारकिंमत’ही कुठलं यंत्र काढत नाही, सदस्यांच्या चर्चेतून ती ठरते आणि जबाबदार सदस्य ती पक्की करतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे बरेच गैरसमज टळतात.

आता वापर कसा करायचा ते पाहू. क्लबचं पान उघडल्यावर संघाची यादी आधी आटोपशीर रूपात दिसते: नाव, वय, देश, किंमत. तिथेच थांबू नका. वरच्या पट्टीतून तपशीलवार यादी निवडली की खेळाडू क्लबमध्ये कधी आला, कुठून आला आणि त्याचा करार कधी संपतो, हे रकाने उघडतात. उन्हाळ्यासाठी शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. आपल्याकडचे करार बहुधा ३१ मे रोजी संपतात. फिफाच्या नियमानुसार करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. म्हणजे ३१ मे ही तारीख असलेला खेळाडू डिसेंबरच्या सुरुवातीपासूनच मोकळेपणाने बोलणी करू शकतो आणि त्याला घेताना नव्या क्लबने जुन्या क्लबला एक रुपयाही ट्रान्सफर फी देण्याची गरज नसते. म्हणून ही यादी मे महिन्यात पाहून उपयोग नाही. ती डिसेंबरात पाहायची. ज्याच्या नावापुढे येता मे आहे आणि ज्याच्या मुदतवाढीची घोषणा झालेली नाही, तो निम्मा बाहेर आहे असंच धरून चाला.

२०२४ मध्ये मुंबईचं नेमकं इथेच नुकसान झालं. ४ मे रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३-१ हरवून मुंबईने इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) करंडक जिंकला. त्यानंतर काही आठवड्यांतच करंडक उचलणारा कर्णधार राहुल भेके, मधल्या फळीतून खेळ घडवणारा आल्बेर्तो नोगेरा आणि त्या अंतिम सामन्यात गोल केलेला होर्हे परेरा दियाझ हे तिघेही बंगळुरूला गेले. इकेर ग्वारोचेना एफसी गोव्याकडे परतला. उलट बाजूने गोव्याचा कर्णधार, मडगावचा ब्रँडन फर्नांडिस मुंबईत आला. यांतले बहुतेक बदल करार संपल्यामुळे झाले. कुणी कुणाला पळवलं नाही, तारीख आली आणि खेळाडू गेले. तारखांचा रकाना पाहणाऱ्याला त्या जूनमध्ये फारसा धक्का बसायला नको होता.

किंमतीच्या रकान्यावर विसंबलेल्याला मात्र खरं नुकसान कुठे झालं ते कळलंच नसतं. ते नुकसान म्हणजे अपुइया. लालेंगमाविया राल्टे हे त्याचं पूर्ण नाव. तो मोहन बागानला गेला. युरोतला आकडा पाहिला तर तो अनेकांमधला एक वाटतो. पण आयएसएलमध्ये खेळाडूची खरी किंमत ठरते ती परदेशी खेळाडूंच्या मर्यादेवरून. नोंदणी जास्तीत जास्त सहा परदेशी खेळाडूंची, आणि मैदानावर एका वेळी चारच. त्यामुळे राष्ट्रीय संघात खेळणारा, ९० मिनिटं मधली फळी सांभाळणारा भारतीय खेळाडू असला की क्लबची एक परदेशी जागा मोकळी राहते. ती पुढे आघाडीवीराला देता येते, नाहीतर मागे बचावपटूला. ट्रान्सफरमार्क्टच्या किमतीत ही जागा कुठेच मोजलेली नसते. परदेशी आघाडीवीर दर जूनमध्ये ग्रीसमधून, स्पेनमधून, कुठूनही आणता येतो. दुसरा अपुइया आणायला दुकान नाही.

मुंबईने मधल्या फळीत योएल व्हान निफला आणलं. तो हंगेरीच्या पुश्काश अकादमियातून आला, चांगला खेळाडू आहे. पण तो परदेशी आहे. आता कागद घ्या आणि मोजा. मागे तिरी आणि थाएर क्रूमा, मध्ये व्हान निफ, पुढे निकोस कारेलिस. चार जागा इथेच भरल्या. योन तोराल किंवा जेरेमी मांझोरो यांच्यापैकी एकाला आणायचं तर या चौघांतला एक बाहेर बसणार. अपुइया असताना हा पेच पडत नव्हता. अगदी हीच आकडेमोड तुम्ही कुठल्याही क्लबसाठी पाच मिनिटांत करू शकता, कारण यादीत प्रत्येकाच्या नावापुढे झेंडा असतो. तिरंगा नसलेली नावं उतरवून घ्या, जागेनुसार मांडा आणि चारपेक्षा जास्त ‘हुकमी’ नावं निघतात का पाहा. निघाली तर त्या क्लबने एका तरी माणसाचे पैसे बाकावर बसवण्यासाठी मोजले आहेत.

झेंड्याचं महत्त्व किती, याचं ताजं उदाहरण बंगळुरूचा रायन विल्यम्स. पर्थमध्ये जन्मलेला हा ऑस्ट्रेलियन विंगर. त्याची आई मूळची मुंबईची. २०२५ मध्ये त्याने भारतीय नागरिकत्व घेतलं. खेळाडू तोच, पण क्लबच्या हिशेबात एक परदेशी जागा मोकळी झाली. युरोच्या रकान्यात असल्या बदलाची नोंद व्हायला जागाच नाही.

परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. २०२३-२४ मध्ये मुंबईने २२ सामन्यांत ४२ गोल केले, १९ खाल्ले आणि ४७ गुण मिळवून दुसरं स्थान घेतलं. २०२४-२५ मध्ये सामने २४ झाले, तरी गोल २९ वर आले, खाल्लेले २८ झाले आणि ३६ गुणांवर सहावा क्रमांक लागला. बाद फेरीत २९ मार्च २०२५ रोजी बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर बंगळुरूने मुंबईला ५-० ने धुऊन काढलं. पाचवा गोल परेरा दियाझचा होता, तिसरा रायन विल्यम्सचा.

इथे एक सावधगिरी. मोसमाअखेर कुणी किती मिनिटं खेळलं हे साइटवर स्पर्धेनुसार मिळतं, पण तुम्ही काही निवडलं नाही तर सगळ्या स्पर्धांची बेरीज दिसते. २०२३-२४ मध्ये मुंबई एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लब स्पर्धेच्या गटात सहा सामने खेळली आणि सहाही हरली. ती मिनिटं धरून मुंबईच्या खेळाडूची तुलना दुसऱ्या क्लबच्या खेळाडूशी केली तर तो उगाच जास्त खेळलेला वाटतो. आधी स्पर्धा निवडा, मग मोसम, मग मिनिटं पाहा. गेलेल्या खेळाडूंची लीगमधली मिनिटं बेरजेला घेतली की संघाचा किती भाग गेला हे एका आकड्यात कळतं. गोलांच्या आकड्यापेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

ट्रान्सफरच्या पानावरची दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात: फक्त उन्हाळी विंडो, म्हणजे खेळाडूंची नोंदणी करता येते तो उन्हाळ्यातला काळ, पाहतात. ग्रेग स्टुअर्ट मुंबई सोडून गेला जानेवारी २०२४ मध्ये, स्कॉटलंडच्या किल्मारनॉककडे. मोहन बागानने त्याला आणलं उन्हाळ्यात. तुम्ही मोहन बागानचा उन्हाळा उघडला तर स्टुअर्ट किल्मारनॉकहून आलेला दिसेल, आणि मुंबईचा उन्हाळा उघडला तर तो गेलेल्यांत दिसणारच नाही. वर्षाच्या दोन्ही विंडो एकत्र निवडल्या तरच कळतं की मोहन बागानने बारा महिन्यांच्या आत मुंबईच्या मधल्या फळीतली दोन माणसं आपल्याकडे वळवली. २०२४-२५ च्या मोसमात मोहन बागानने शील्ड (साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळते ती) आणि करंडक दोन्ही जिंकले. जमशेदपूरविरुद्धच्या उपांत्य लढतीत भरपाई वेळेत लांबून मारलेला निर्णायक गोल अपुइयाचा होता.

अमेरिकेतल्या मेजर लीग सॉकरमध्ये क्लब आपसांत खेळाडूंचे व्यवहार करतात आणि खेळाडूचा करार लीगशीच असल्यामुळे त्याला जावं लागतं. तसला व्यवहार आपल्याकडे चालत नाही. इथे खेळाडूची सही लागतेच. तरी अदलाबदल होते. जुलै २०२३ मध्ये सहल अब्दुल समद केरळ ब्लास्टर्सकडून मोहन बागानकडे गेला आणि प्रीतम कोटाल उलट दिशेने. साइटवर अशा व्यवहाराच्या दोन सुट्या ओळी होतात, दोघांना जोडणारा धागा दिसत नाही. तो तुम्हालाच शोधावा लागतो: दोन क्लब, एकच आठवडा, उलट दिशा. पुढच्या उन्हाळ्यातल्या शक्यता चाचपतानाही याच क्रमाने जा. आधी दोन क्लबांची गरज एकमेकांना पूरक आहे का पाहा, मग दोन्ही खेळाडूंच्या करारात किती उरलं आहे ते. एकाचं वर्ष उरलं आणि दुसऱ्याची तीन, तर सरळ अदलाबदल होत नाही, वर पैसे टाकावे लागतात.

लोनच्या, म्हणजे ठराविक काळासाठी दुसऱ्या क्लबला दिलेल्या खेळाडूच्या, बाबतीत साइट सगळ्यात कच्ची पडते. लोन कधी संपणार ती तारीख मिळते, पण करारात काय लिहिलं आहे ते मिळत नाही. अन्वर अलीचं प्रकरण आठवा. दिल्ली एफसीकडून लोनवर मोहन बागानमध्ये आलेला हा बचावपटू २०२४ मध्ये ईस्ट बंगालला गेला. सप्टेंबरमध्ये अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी, १२.९० कोटींची भरपाई आणि ईस्ट बंगाल व दिल्ली एफसीवर दोन विंडोंची नोंदणीबंदी असा निकाल दिला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर काही दिवसांतच तो आदेश मागे घ्यावा लागला. या सगळ्यातलं काहीही ‘लोन’ या एका शब्दात मावत नाही. लोनवरचा खेळाडू दिसला की क्लबचं निवेदन वाचल्याशिवाय त्याला कुठल्याच संघाच्या हिशेबात धरू नका.

रिकाम्या जागांचंही तसंच. आपले क्लब बऱ्याचदा ‘अनेक वर्षांचा करार’ एवढंच जाहीर करतात. मग तारखेच्या रकान्यात रेघ असते किंवा कुणीतरी अंदाजाने भरलेली तारीख. वर्षभर मुदत वाढवण्याचा पर्याय करारात असेल तर तो खेळाडूच्या स्वतःच्या पानावर कधी असतो, कधी नसतो; संघाच्या यादीत तर दिसतच नाही. फीच्या जागी प्रश्नचिन्ह असेल तर त्याचा अर्थ ‘फुकट’ असा घेऊ नका, रक्कम जाहीर नाही एवढाच घ्या.

शोधताना नावांचा घोळ होतो. मिझो खेळाडूंची पाळण्यातली नावं आणि मैदानावरची नावं वेगळी, मणिपूरचे सिंग ढिगाने, तिरीचं पासपोर्टवरचं नाव होसे लुईस एस्पिनोसा आरोयो. नावाने शोधू नका. क्लबच्या पानावर जा, मोसम निवडा आणि यादीतून खेळाडूकडे जा.

२०२५ च्या उन्हाळ्यात मात्र तारखांचा रकानाही अपुरा पडला. ११ जुलै रोजी आयएसएल थांबवत असल्याचं क्लबांना कळवलं गेलं. फेडरेशन आणि आयोजक कंपनी यांच्यातला करार ८ डिसेंबरला संपत होता आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. अशा स्थितीत खेळाडूच्या करारात दोन वर्षं उरली असली तरी तो थांबेल याची खात्री देता येत नव्हती. २०२१ च्या, गोव्यात फातोर्ड्याला झालेल्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात मुंबईसाठी शेवटच्या मिनिटाला विजयी गोल मारणारा बिपिन सिंग ईस्ट बंगालला गेला, मेहताब सिंग मोहन बागानला. तेव्हापासून मुंबई सिटीची यादी पाहताना तारखेच्या शेजारी आणखी एक रकाना हातानेच आखावा लागतो: क्लबने त्या खेळाडूबद्दल शेवटचं अधिकृत निवेदन कधी दिलं.