नाताळचा पाइप: डिसेंबर ते पोळा वापरल्यावर

मागच्या नाताळाला डब्लिनहून मावसभावानं पीटरसन कंपनीचा ख्रिसमस पाइप पाठवला, म्हणजे नाताळासाठी खास काढलेला तंबाखू ओढायचा पाइप. आता पोळा होऊन गेला, म्हणजे आमच्या जालन्याचा कडक उन्हाळा पण बघितला त्यानं आणि पावसाळ्यातली दमट हवा पण, त्यामुळं आता लिहितो. आधीच्या काही वर्षांचे पण आहेत माझ्याकडं, सोबत इटलीच्या साविनेल्ली कंपनीचा सेंट निकोलस नावाचा नाताळचा पाइप आहे, पण सध्या नेमानं ओढायलो तो हाच.

आधीच सांगतो, पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निर्धोक होत नाही, तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतोच. ज्याला सवय नाही त्यानं नुसते जमवावेत, ओढू नयेत, तसे जमवणारे पण बक्कळ आहेत.

आता मुद्द्याचं. दरवर्षी नवा ख्रिसमस पाइप निघतो म्हणजे नवा आकार निघतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. आकार तेच जुने, नंबरानं ओळखायचे, 68 म्हणजे वाकडा ब्रँडी, 106 म्हणजे सरळ बिलियर्ड, 999 म्हणजे आखूड जाड रोडेशियन, आणि त्या साली बदलतो तो रंग, पट्टी, स्टेम (तोंडात धरायची नळी), फिनिश. म्हणून मी तर म्हणतो साल बघू नका, नंबर बघा. जो आकार तुमच्या हातात बसतो तोच घ्या, मग त्याच्यावर नाताळाचा लाल रंग असला तर लय भारी. सगळी सालं पूर्ण करायच्या नादात न आवडणारा आकार घेतला की तो कपाटातच पडून राहतो.

माझा 68 आहे, खडबडीत फिनिशचा, तांब्याची टोपी असलेला आर्मी माउंट. गुळगुळीत पाइपवर लाकडाची नक्षी दिसते म्हणून त्याचे पैसे जास्त, पण रोजच्या वापराला खडबडीतच बरा, घामेजल्या हातातून निसटत नाही आणि ओरखडे दिसत नाहीत. आर्मी माउंटचा फायदा वापरल्यावरच कळतो. साध्या पाइपचा स्टेम गरम असताना काढला तर सांधा ढिला पडायची नाहीतर तुटायची भीती असते, याला धातूची टोपी असते आणि स्टेम निमुळता होऊन त्यात नुसता बसतो, त्यामुळं कोमट असतानाच काढून आत पाइप क्लीनर फिरवता येतो.

पी-लिप म्हणजे स्टेमच्या तोंडातल्या टोकाची खास बनावट, तिच्याबद्दल सगळे विचारायलेत. हे पीटरसनचं 1898 चं पेटंट, धुराचं भोक टोकाला सरळ समोर नसून वरच्या अंगाला असतं, म्हणजे धूर टाळूकडं जातो आणि जिभेला कमी चटका बसतो. मला ते आवडलं. पण दातात धरायची सवय असणाऱ्यांना जाड वाटेल, त्यांनी फिशटेल, म्हणजे साधं चपटं टोक असलेला घ्यावा.

उन्हाळ्यात खरी परीक्षा झाली. पारा 42 च्या पुढं गेला की तंबाखू डब्यात पण कोरडी होते, मग ती भराभर जळते आणि बाऊल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, हाताला चटके द्यायला लागतो. तंबाखूला रबराची रिंग असलेली काचेची बरणी घ्या, पाइप घट्ट भरू नका, हळू ओढा. पाइपाचं लाकूड म्हणजे ब्रायर, भूमध्य समुद्राकडच्या एरिका आर्बोरिया झाडाच्या बुंध्याची गाठ. ती उकळून, मुरवून, वाळवून मग कोरतात, म्हणून धग सोसते, पण एकदा ओढला की एक दिवस तरी विश्रांती द्यायचीच. पावसाळ्यात तर दोन दिवस, नाहीतर आत ओल राहून वास धरतो.

शोकेसबद्दल पण बोलायला पाहिजे, कारण जमवणाऱ्याला मांडून ठेवायची हौस असतेच. एबोनाइटचा स्टेम म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, उन्हानं आणि ओलीनं तो हिरवट-तपकिरी पडतो, चवीला पण कडवट लागतो. आमच्याकडच्या उन्हात खिडकीजवळ ठेवायचाच नाही, मी बंद ड्रॉवरात कापडात ठेवतो. ॲक्रिलिकला हा त्रास नाही, पण दाताला कडक लागतो. तांब्याची टोपी काळवंडली की घरचे म्हणतात चिंच-मीठ लाव, देवघरातल्या तांब्यासारखी लख्ख होईल! पाइपला ते चालत नाही, आंबट पाणी सांध्यातून लाकडात शिरतं आणि रंग खातं. कोरड्या सुती कापडानं पुसायचं, बास.

चांदीच्या पट्टीचा घेणार असाल तर भिंगातून शिक्के बघा. चांदीची शुद्धता तपासणाऱ्या डब्लिनच्या ऑफिसचे (Assay Office) शिक्के असतात, बसलेली हायबर्निया म्हणजे आयर्लंडचं प्रतीक असलेली बाई, मुकुटवाली वीणा आणि सालाचं अक्षर. मला तर ते अक्षर शोधण्यातच अर्धी मजा येते. फक्त ते अक्षर चांदी तपासल्याचं साल सांगतं, पाइप विकल्याचं नाही, त्यामुळं डब्यावरच्या सालाशी जुळलं नाही तर लगेच नकली म्हणू नका.

साविनेल्लीत बाल्साच्या लाकडाची तिकोनी काडी बसते, ओल शोषून घेते, पावसाळ्यात तोच जास्त सुखाचा. पण त्या काड्या इथं सहज मिळत नाहीत, पाइपाबरोबरच जास्तीची पाकिटं मागवा. परदेशातून पार्सल मागवताना कस्टम ड्युटी पण धरूनच हिशेब करा.

यंदाच्या डिसेंबरला भावाला सांगून ठेवलंय, डब्लिनच्या नसाऊ स्ट्रीटवरच्या पीटरसनच्या दुकानात गेलास की 80एस बघ, वाकडा बुलडॉग. रंग कुठला पण चालेल, मिळाला तरच घे, नाहीतर यंदा राहू दे.